घड्याळजीचा बुधवार

सकाळी साडेसहा

पहिला चहा व्हायच्या आत घड्याळांना चावी देऊन झालेली असते. दुरुस्त होऊन चाचणीला ठेवलेली घड्याळं मी रात्री दुकानातून घरी आणतो आणि खिडकीजवळच्या फळीवर मांडतो. काहींची तबकडी वर, काहींची चावी खाली, काही कुशीवर. मनगटावर घड्याळ दिवसभर जसं जसं वळतं, तसं वळल्यावर त्याची चाल बदलते का, हे अशानेच कळतं. सकाळी रेडिओवर बातम्यांच्या आधी वेळेचे ठोके पडले की एकेक घड्याळ हातात घ्यायचं, रात्रीत किती पुढे गेलं किंवा किती मागे पडलं ते वहीत लिहायचं आणि मगच चावी द्यायची.

चावी बोटांना खूप काही सांगते. तेल-पाणी झालेल्या घड्याळाची चावी रेशमासारखी फिरते, शेवटी हळूहळू जड होते आणि एका जागी ठाम थांबते. तिथे आपणही थांबायचं. ‘जास्त चावी दिली म्हणून घड्याळ बंद पडलं’ असं सांगणारे लोक रोज भेटतात. तसं होत नाही. स्प्रिंग पूर्ण गुंडाळलेली आहे आणि तरी घड्याळ उभं आहे, याचा अर्थ आतलं तेल सुकलंय, चाकं अडकली आहेत. स्प्रिंगमध्ये जोर भरलेला असतो, तो पुढे पोचत नाही एवढंच. बिचाऱ्या चावीवर उगीच आळ येतो, आणि घरातलं चांगलं घड्याळ ‘बिघडलं’ म्हणून कपाटात जाऊन पडतं ते पडतंच.

सेलची घड्याळंही मी करतो. पण माझं दुकान टिकलंय ते चावीच्या जुन्या घड्याळांवर. अलीकडे ती घेऊन येणाऱ्यांत विशी-पंचविशीतली मुलंमुली फार. त्यांच्या तोंडी ‘रेट्रो’ आणि ‘व्हिंटेज’ हे शब्द असतात. काही जुनी माणसं त्यावर नाक मुरडतात. मला मात्र या मुलांचं मनापासून कौतुक वाटतं. हातात फोन आहे, त्यात सेकंदापर्यंत अचूक वेळ आहे, तरी या मुलांना असं यंत्र हवंय ज्याला रोज हात लावावा लागतो.

पावणेआठ

बुधवार आणि रविवार हे पुण्यातल्या जुन्या बाजाराचे वार. बुधवारी मी मंगळवार पेठेकडून चालतच जातो. गर्दी व्हायच्या आत पोचलेलं बरं. पोती आणि ताडपत्र्या अंथरलेल्या असतात, त्यांवर अर्धा माल अजून गाठोड्यातच. पितळी समया, नळाच्या चाव्या, रिमोटचे ढीग, टेपरेकॉर्डर, वॉकमन, रिळाचे कॅमेरे. बडोद्याला तयार झालेला आगफाचा क्लिक थ्री हमखास दिसतो. तो काळा डबा हातात घेतला की माझ्या वयाच्या माणसाला शाळेच्या सहलीचे फोटो आठवतात. विकणाऱ्यांच्या सांगण्यावरून, हे कॅमेरे आता शोकेससाठी आणि हॉटेलातल्या भिंतींसाठी जातात. शटर चालतं का, असं क्वचितच कोणी विचारतं.

घड्याळांचा ढीग वेगळा असतो. पट्टे नसलेली, काच फुटलेली, काटे गळलेली घड्याळं एका पत्र्याच्या डब्यात. मी उकिडवा बसतो, खिशातलं भिंग डोळ्याला लावतो आणि एकेक उचलतो. मला मशीन बघायचं असतं. आमच्या धंद्यात घड्याळाच्या आतल्या सगळ्या यंत्राला मिळून ‘मशीन’ म्हणतात. सुटे भाग कारखान्यातून यायचे बंद होऊन जमाना झाला. त्यामुळे एका मेलेल्या घड्याळाचं बॅलन्स चाक दुसऱ्या घड्याळाला लागतं, एकाची चावीची दांडी दुसऱ्याला. हे डबे म्हणजे आमचं भांडार.

आणि त्यात सर्वांत जास्त एचएमटी. यामागे इतिहास आहे. १९६१ साली बंगळुरूला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एचएमटीचा घड्याळांचा कारखाना उभा राहिला. तोवर मनगटावरचं घड्याळ म्हणजे परदेशी वस्तू. फेवर लुबा, वेस्ट एंड, रोमर, टिटोनी ही नावं आमच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी असत. फेवर लुबाचं बस्तान तर मुंबईत १८६५ पासूनचं. ती घड्याळं वकील-डॉक्टरांच्या हाती शोभत. शिक्षक, कंडक्टर, कारकून, शेतकऱ्याचा पहिला नोकरदार मुलगा यांच्या मनगटावर घड्याळ आणलं ते एचएमटीने. जनता, पायलट, कोहिनूर, सोना, बायकांसाठी सुजाता. लग्नात जावयाला द्यायला कांचन, कारण ते ऑटोमॅटिक, हाताच्या हालचालीवर चालणारं. १९८७ च्या सुमाराला टायटनची सेलवर चालणारी देखणी घड्याळं बाजारात आली आणि चावीचे दिवस भराभर ओसरले. जानेवारी २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएमटी वॉचेस बंद करायला मंजुरी दिली. त्यानंतर लोकांना एकदम या घड्याळांची आठवण यायला लागली.

आज डब्यात दोन पायलट सापडल्या. एकीचं मशीन गंजून गेलंय, दुसरीचं बॅलन्स हलकेच झुलतंय. ‘घ्या की शेठ, सकाळची भवानी हाय,’ म्हणत डबा मांडून बसलेल्या मामांनी दोन्ही मिळून भाव सांगितला. थोडी घासाघीस झाली आणि दोन्ही खिशात आल्या. एक स्विस घड्याळही दिसलं, आकड्यांवर पिवळट-तपकिरी लेप असलेलं. ते मी उघडलं नाही आणि घेतलंही नाही. त्याविषयी संध्याकाळी.

दहा

शटर वर. देवाला उदबत्ती, काउंटर पुसणं, टेबलावरचा दिवा पुसणं. कामाचं टेबल साध्या टेबलापेक्षा उंच असतं. छाती त्याच्या कडेला टेकली पाहिजे, म्हणजे मान मोडत नाही आणि हात टेकलेले राहतात. टेबलाखाली कापडाची झोळी बांधलेली आहे. उडालेला स्क्रू जमिनीवर जाण्याआधी तिच्यात पडावा म्हणून.

सकाळची गिऱ्हाइकं झटपट होतात. पट्टे, सेल, काचा. कॉलेजच्या मुलाचं कॅसिओ एफ-९१डब्ल्यू आलं. १९८९ साली निघालेलं हे प्लास्टिकचं डिजिटल घड्याळ अजून तयार होतं आणि अजून तितकंच विकलं जातं. एक सेल सात वर्षं पुरतो, बदलायला मला पाच मिनिटं लागतात.

त्यानंतर एक तरुण आपलं चावीचं घड्याळ घेऊन आला. ‘काका, दिवसाला दहा-दहा मिनिटं पुढे पळतंय.’ मी ते होकायंत्राजवळ धरलं तर सुई डोलायला लागली. घड्याळात चुंबकत्व शिरलेलं. केसाएवढ्या बारीक स्प्रिंगची वेटोळी एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावतं. ‘रात्री कुठे ठेवतोस हे?’ ‘स्पीकरवर.’ चुंबकत्व काढायचं यंत्र एकदा फिरवलं, काम झालं. पैसे घेतले नाहीत. जागा बदलायला सांगितली.

साडेअकरा

निवृत्त शिक्षिका असाव्यात अशा एक बाई आल्या. रुमालात गुंडाळलेलं घड्याळ त्यांनी काउंटरवर ठेवलं आणि रुमालाच्या चारही बाजू एकेक करून उलगडल्या. एचएमटी जनता. वडिलांचं. ते एसटीत होते, बाईंनी एवढंच सांगितलं. काच ओरखड्यांनी पांढरी झालेली, तबकडीला सहाच्या आकड्यापाशी तपकिरी डाग, कडेला पिवळसर झाक.

‘भाच्याच्या मुंजीत त्याला द्यायचंय. अगदी नवं करून द्या. ही तबकडी पण बदलून टाका, कशी कळकट दिसतेय.’

‘ताई, मशीन नव्यासारखं करतो. काचही नवी बसवतो, ती ॲक्रिलिकची आहे, सहज मिळते. पण तबकडीला हात लावू नका.’

‘अहो, पण डाग?’

मी त्यांना भिंग दिलं आणि दिव्याखाली तबकडी दाखवली. छापलेलं नाव, त्याखाली ‘सतरा ज्वेल्स’ आणि ‘पॅराशॉक’ ही बारीक अक्षरं, मिनिटांच्या सुईएवढ्या रेघा. कारखान्यात झालेली ती छपाई इतकी बारीक आहे की आज कोणी रंगवणारा तशी करू शकत नाही. रंगवून घेतलं की ते एकदाच होतं, मागे फिरता येत नाही. आणि तो डाग म्हणजे कधीतरी आत शिरलेलं पाणी. वडील एसटीत होते म्हणालात ना, पावसात पाणी जायचंच.

बाई बराच वेळ बघत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘राहू द्या तसाच.’

मला या बाबतीत गिऱ्हाइकाशी वाद घालायला संकोच वाटत नाही. ‘गिऱ्हाईक म्हणेल तसं’ हे बाकी सगळीकडे ठीक आहे. पण माणूस गेल्यावर त्याच्या वस्तूवर उरलेल्या खुणा घासून काढायचं काम मी करत नाही.

एक ते चार

पुण्यात दुपारी दुकानं बंद असतात याची चेष्टा भरपूर झाली आहे. माझ्यासाठी हे तीन तास सगळ्यात मोलाचे. शटर अर्ध्यावर खाली, रस्ता शांत, कोणी हाक मारणारं नाही. डबा खाऊन हात साबणाने स्वच्छ धुतो आणि पूर्ण उघडायची घड्याळं याच वेळेला घेतो. आज बाईंचं जनता.

मागचं झाकण उघडलं आणि आधी त्याची आतली बाजू दिव्याखाली धरली. घड्याळजी लोकांची एक जुनी रीत आहे. घड्याळ उघडून साफ केलं की झाकणाच्या आत टोकदार सुईने तारीख किंवा आपल्या नावाचं अक्षर कोरायचं. उघड्या डोळ्यांना दिसणार नाही इतकं बारीक. या झाकणात तीन खुणा होत्या. पहिली १९७४ ची, दुसरी १९८१ ची, तिसऱ्याने साल लिहिलंच नाही, नुसता एक ‘स’ कोरलाय, सुबक, वळणदार. हे तिघे कोण, कुठल्या गावचे, मला माहीत नाही. पण तिघांनीही स्क्रूचे माथे खराब न करता काम केलंय, एवढं मला त्यांच्याविषयी ठाऊक आहे. स्क्रूच्या खाचेवरून कारागीर ओळखता येतो.

आता क्रम ठरलेला. आधी स्प्रिंगमधला उरलेला जोर सोडून द्यायचा. खटका चिमट्याने बाजूला धरायचा आणि चावी बोटांत सावकाश उलटी फिरू द्यायची. हे न करता पुढे गेलं तर साठलेली ताकद एकदम सुटते आणि चाकांचे दाते मोडतात. मग काटे. तबकडीवर प्लास्टिकचा पातळ तुकडा ठेवून त्यावरून दोन बाजूंनी उचलायचे, म्हणजे तबकडीला ओरखडा जात नाही. तबकडी कडेच्या दोन बारीक स्क्रूंनी धरलेली असते. ती सुटली की मी लगेच झाकणाच्या डबीत ठेवतो आणि काम संपेपर्यंत तिच्याकडे बघत नाही.

त्यानंतर बॅलन्स. घड्याळाचं हृदय वगैरे लोक म्हणतात ते हे चाक. एका सेकंदात पाच ठोके, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. ते ज्या आसावर फिरतं त्याचं टोक केसाएवढं असतं आणि कृत्रिम माणकाच्या खड्यात बसतं. सतरा ज्वेल्स म्हणजे असे सतरा खडे. ते दागिन्याच्या हौसेने लावलेले नाहीत. धातूवर धातू घासला तर झिजतो, माणकावर पॉलिश केलेलं पोलाद वर्षानुवर्षं फिरतं. आणि पॅराशॉक ही सिटिझनकडून आलेली व्यवस्था. वरचा खडा एका इवल्याशा स्प्रिंगखाली धरलेला, म्हणजे घड्याळ पडलं तर धक्का खडा घेतो, आस वाकत नाही. एसटीतल्या माणसाच्या हातावर हे घड्याळ इतकी वर्षं टिकलं त्यात या स्प्रिंगचा वाटा मोठा आहे.

अँकर, चाकं, त्यांना वरून धरणारे पूल, स्प्रिंगची डबी, सगळं सुटं झालं. जुनं तेल वाळून मधासारखं घट्ट आणि कडेला हिरवट झालेलं. व्हाइट पेट्रोलमध्ये एकेक भाग मऊ ब्रशने धुतला. खड्यांची भोकं लाकडी काडीला टोक काढून पुसली; काडी काळी निघाली, पुन्हा टोक काढलं, पुन्हा पुसलं, पांढरी निघेपर्यंत. या पायरीला घाई करणारे बहुतेक सगळे. पेट्रोलमध्ये बुचकळून काढलं की झालं, असं समजतात. भोकात अडकलेला वाळलेला तेलाचा कण तसाच राहतो, घड्याळ महिनाभर चालतं आणि पुन्हा बसतं.

जुळवणी उलट्या क्रमाने. तेल देताना हात सर्वांत जास्त आवरावा लागतो. मंद फिरणाऱ्या भागांना घट्ट तेल, वेगाने फिरणाऱ्यांना पातळ. खड्याच्या वाटीत तेलाचं गोल वर्तुळ दिसलं पाहिजे, काठापर्यंत न भरलेलं. अँकरच्या आसाला तेल द्यायचंच नाही. तिथे तेल चिकटून चाल मंदावते. चाकं बसल्यावर पूल ठेवून प्रत्येक आस आपापल्या भोकात गेलाय का हे चिमट्याच्या टोकाने हलवून बघायचं आणि त्याची खात्री झाल्यावरच स्क्रू आवळायचा. अधीर माणसाचा आस इथे मोडतो.

शेवटी दोन वळसे चावी आणि बॅलन्स जागेवर. ते आपोआप झुलायला लागलं. नुसतं झुलणं पुरेसं नसतं, म्हणून टाइमग्राफरवर ठेवलं. हे यंत्र घड्याळाचा आवाज ऐकतं आणि पडद्यावर रेघ काढतं. बॅलन्स २६० अंशांच्या आसपास झुलतंय, दोन्ही बाजूंचे ठोके सारखे, दिवसाला काही सेकंद पुढे. पन्नाशीच्या घरातल्या मशीनकडून मला याहून जास्त नको. झाकण लावण्याआधी ‘स’ च्या शेजारी आजची तारीख कोरली.

साडेचार

इंजिनिअरिंगचा एक विद्यार्थी मोठ्या उत्साहाने आला. ऑनलाइन घेतलेली एचएमटी पायलट. तबकडी भडक मोरपंखी, आकडे नारिंगी, केस आरशासारखी चकचकीत.

‘काका, मिंट कंडिशनमध्ये मिळाली. फक्त सारखी बंद पडते.’

अशी घड्याळं आठवड्याला येतात. संग्राहक जगभर त्यांना ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात. आपल्या शहराचं नाव असं लागलेलं ऐकून मला दर वेळी वाईट वाटतं. चार-पाच मोडक्या घड्याळांतून एक जुळवायचं, केस घासून चमकवायची, तबकडीवर हव्या त्या रंगाचा थर द्यायचा, वर नाव छापायचं आणि जुनं, दुर्मीळ म्हणून विकायचं. देशात आणि परदेशात दोन्हीकडे खपतं.

मी त्याला रागावलो नाही. बाजूला स्टूल दिलं, भिंग दिलं आणि सकाळी जुन्या बाजारात घेतलेली पायलट त्याच्या पायलटशेजारी ठेवली. ‘अरे, आता तूच सांग मला काय काय वेगळं दिसतं.’

मुलगा हुशार. अस्सल तबकडीवरची अक्षरं धारदार, त्याच्या तबकडीवर जाड आणि कडेला पसरलेली. मिनिटांच्या रेघा एकीकडे कडेपासून समान अंतरावर, दुसरीकडे तिरक्या. आकड्यांवरचा लेप रेषेच्या बाहेर गेलेला. अस्सल केसच्या कडा बोटाला लागतात, त्याच्या केसच्या कडा घासून गोल झालेल्या, पट्टा अडकवायचे चारही कान बारीक पडलेले. मी झाकण उघडलं. वरची काळजी आत कुठेच नव्हती. बोटांचे ठसे, जुन्या घाणीवर ओतलेलं तेल, दोन स्क्रू जागेवर नाहीत, एक पूल दुसऱ्या घड्याळातला आणि तो नीट न बसल्यामुळे चाक घासतंय. म्हणून ती बंद पडत होती. झाकणाच्या आत मात्र कोणा जुन्या घड्याळजीची सुबक तारीख होती. कुठल्या तरी चांगल्या घड्याळाचं झाकण काढून इथे आलेलं.

‘म्हणजे मी फसलो?’

‘पैशाने फसलास. पण मशीनचं पाहू. हे नीट करता येईल.’

त्याने थोडा वेळ विचार केला आणि सकाळची डागाळलेली पायलट उचलून कानाला लावली. ‘ही केवढ्याला, काका?’ ही अजून चालू नाही, आठवडाभर लागेल, असं मी सांगितलं. तो थांबायला तयार आहे.

जुन्याची ओढ लागलेल्या मुलांचं मला कौतुक आहे असं वर लिहिलं, ते यासाठीच. त्यांना एकदा दाखवलं की समजतं. राग आहे तो त्यांच्या ओढीवर धंदा करणाऱ्यांचा. जुनेपण विकायचं आणि विकण्याआधी तेच खरडून काढायचं, हा प्रकार मला चीड आणतो. ‘जुनं ते सोनं’ ही म्हण मी अर्धीच मानतो. बंद पडलेलं, आत घाण साठलेलं घड्याळ निव्वळ जुनं आहे म्हणून मोलाचं होत नाही आणि रंगवून तर मुळीच होत नाही. ते साफ होऊन, त्याच्या स्वतःच्या चेहऱ्यासकट कोणाच्या तरी मनगटावर चाललं पाहिजे.

सहा

बुधवारी संध्याकाळी एक मुलगी शिकायला येते. दिवसा नोकरी करते. तिला आजोबांचं घड्याळ स्वतः दुरुस्त करायचं होतं, त्यातून गोडी लागली. पहिले काही आठवडे मी तिला फक्त स्क्रू काढायला आणि लावायला दिले. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत पूर्ण बसलं पाहिजे, दाब खाली आणि वळण नंतर. आता ती रद्दीतली मशीन पूर्ण उघडून पुन्हा जुळवते.

आज तिला सकाळचं ते स्विस घड्याळ का घेतलं नाही ते सांगितलं. अंधारात चमकावेत म्हणून जुन्या घड्याळांच्या आकड्यांवर रेडियमचा लेप लावत. १९६० च्या दशकात तो मागे पडला. लेप आता चमकत नाही, कारण त्यातलं चमकणारं रसायन जळून गेलंय. पण रेडियमचं अर्धायुष्य सुमारे १,६०० वर्षांचं. त्याचा किरणोत्सर्ग जवळपास होता तेवढाच आहे. झाकणाच्या आत, काचेखाली असेपर्यंत धोका कमी. पण वाळलेला लेप भुकटी होऊन पोटात किंवा फुप्फुसात गेला तर फार वाईट. अमेरिकेत असे आकडे रंगवणाऱ्या मुलींना ब्रशचं टोक ओठांनी सरळ करायला शिकवलं होतं. १९२० च्या दशकात त्यांतल्या कित्येकींचे जबडे झडले, कित्येकी गेल्या. ती ऐकून गप्प झाली. मी तिला बजावलं, की चमकणारे आकडे असलेलं जुनं घड्याळ हातात आलं तर घरी उघडायचं नाही, फुंकर मारायची नाही, खरवडायचं तर अजिबात नाही.

‘मग तसली घड्याळं टाकून द्यायची, काका?’

‘नाही गं. बंद ठेवायची. ज्याच्याकडे साधनं आहेत त्याच्याकडूनच करून घ्यायची.’

साडेसात

न्यायला येणाऱ्यांची वेळ. गर्दी असते, बोलायला सवड नसते. तरी प्रत्येकाला दोन गोष्टी सांगतोच. चावी रोज ठरावीक वेळी द्या, शक्यतो सकाळी, हातातून काढून. आणि हे घड्याळ घालून हात धुवायला जाऊ नका. पन्नास वर्षांपूर्वीचं रबर पाणी अडवत नाही.

नऊ

वही लिहिली, चाचणीची घड्याळं डब्यात भरली, शटर ओढलं. जनता त्या डब्यात वर आहे. आठवडाभर ती माझ्याकडे राहील, तबकडी वर, तबकडी खाली, चावी खाली, चावी वर. मग मुंजीला जाईल.

हे वाचणाऱ्यांना एक विनंती आहे. घरात कपाटात, देव्हाऱ्याच्या खणात, बँकेच्या लॉकरमध्ये कोणाचं तरी चावीचं घड्याळ असेल तर ते बाहेर काढा. चावी जोरात फिरवून बघू नका, त्यात शिवणयंत्राचं किंवा खोबरेल तेल घालू नका. गावात घड्याळजी असेल तर त्याच्याकडे न्या, झाकण तुमच्यासमोर उघडायला सांगा, आत काय आहे ते भिंगातून स्वतः बघा. तबकडी रंगवायची नाही हे आधीच स्पष्ट सांगा. साफ करून घ्या, पट्टा नवा लावा आणि मनगटावर घाला. आणि दर चार-पाच वर्षांनी पुन्हा उघडून तेल बदलून घ्या, कारण घड्याळ न वापरतासुद्धा तेल सुकतं.